ग्रिलवर गणेशवेल सोडू की गारवेल?

मी दोन्ही लावून झाल्यात म्हणून सांगतो. दोन्ही आयपोमियाच, म्हणजे आपल्या रताळ्याच्या गोतातल्या, तणावे कुणालाच नाहीत, खोडच आधाराला वेढे घालत वर चढतं, त्यामुळे ऊन-पाण्यात फार डावं-उजवं नाही.

पश्चिमेची बाल्कनी असेल आणि आडोसाच हवा असेल तर गारवेल घ्या, खरंच. पाच बोटांच्या पंजासारखी पानं, पडदाच होतो, आणि ती जांभळी फुलं, घशात गडद, थोडीफार वर्षभर असतात. गणेशवेलीची पानं म्हणजे शेपूच्या भाजीसारखी नुसती झालर, ती काय ऊन अडवणार! वर ती एका हंगामाची, थंडीत वाळते आणि ग्रिलवर नुसता तपकिरी काथ्या उरतो, तो सोलत बसा.

पण गारवेलीच्या पेरापेराला मुळं फुटतात, आणि माझं तिथंच बिनसलं. छाटलेले तुकडे मी खताच्या ड्रममध्ये टाकले, म्हटलं कुजतील, तर पंधरा दिवसांनी झाकणाच्या फटीतून हिरवे कोंब बाहेर. ते उपटतोय तोवर एक फांदी पावसाच्या पाइपामागून उतरून खालच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीला लागलेली. एकेक वेढा उलटा फिरवून सोडवायचा, घाई केली की तुटतं, आणि तुटलेला तुकडा काकूंच्याच तुळशीत पडतो. काकू एवढंच म्हणाल्या, "अरे, तुझी वेल आमच्याकडे राहायला आलीय." पुढचं वर्षभर मी त्या तुळशीतनं गारवेल काढत होतो.

गणेशवेलही बी सांडते, नाही असं नाही, पुढच्या जूनला रोपं आपोआप उगवतात. पण पहिली दोन पानं लांब शिंगांच्या जोडीसारखी असतात, लगेच ओळखू येतात, चिमटीत धरून उपटलं की विषय संपला. गणपतीच्या सुमाराला बहर येतो, लालभडक पाचकोनी चांदणी, लांब नळी, पुंकेसर बाहेर डोकावणारे, आणि सकाळी चहा घेताना शिंजीर येऊन त्या नळीत चोच घालतो. दुपारी फुलं मान टाकतात, ते चालतं मला, तेव्हा मी ऑफिसात असतो.

आता तुमच्याकडे लांबलचक कुंपण असेल, खाली कुणी राहत नसेल, तर माझं ऐकू नका. बाकी गणेशवेलीचं बी टणक असतं, रात्रभर भिजवून पेरा. यंदाची पुडी मात्र संपली, काकूच घेऊन गेल्या.