सांगलीतील संस्था-नोंदणी कार्यालय: कागद चोख, जाहिरात सवंग

विश्रामबागेतील एका सल्ला कार्यालयामार्फत आमच्या पूरमदत गटाची कायदेशीर नोंदणी अलीकडेच पूर्ण झाली. पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्याने कार्यालयाचे नाव येथे देत नाही. मात्र सांगली-मिरज रस्त्याच्या आसपास अशी सेवा देणारी कार्यालये थोडीथोडकी नाहीत आणि त्यांपैकी कोणाकडेही जाणाऱ्यास हा अभिप्राय उपयोगी पडावा. घटना व नियमावलीचा मसुदा आणि धर्मादाय कार्यालयातील पाठपुरावा या दोन कामांसाठी मी या कार्यालयाची निःसंकोच शिफारस करीन. त्यांच्या जाहिरातीवर मात्र कोणी विसंबू नये.

आमची गरज साधी होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी जमलेला आमचा गट जुलै २०२१ च्या पुरात पुन्हा कामाला लागला. पुण्या-मुंबईच्या सांगलीकरांनी मनापासून पैसे पाठवले, धान्य, सतरंज्या व औषधे वाटून झाली आणि बरीच रक्कम शिल्लक राहिली. ती दोघा सदस्यांच्या संयुक्त बचत खात्यात पडून होती. दोघेही सचोटीचे आहेत, परंतु कायद्याच्या दृष्टीने तो पैसा गटाचा नव्हता, कारण गट अशी काही वस्तूच कायद्याला ठाऊक नव्हती. गणेशोत्सव मंडळेसुद्धा वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात. आमच्याकडे तेवढाही कागद नव्हता.

कार्यालयाच्या जाहिरातीत ‘राष्ट्रीय स्तरावरील मानवतावादी संस्था’ स्थापन करून देण्याचे आश्वासन ठळक अक्षरांत होते. घटना, बोधचिन्ह, लेटरहेड, देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी ८०जी नोंदणी आणि परदेशी निधी असे सगळे एका पॅकेजमध्ये. आमच्यातील काहींना त्याचा मोह पडला, आणि पहिल्या अर्जात संस्थेच्या नावाआधी ‘राष्ट्रीय’ हा शब्द लिहिला गेला. तेथील ज्येष्ठ सल्लागारांनी अर्ज वाचताच लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकाने त्या शब्दाला गोल केला आणि म्हणाले, “नाव मोठं ठेवलं म्हणून देणग्या येतीलच असं नाही साहेब, चौकशी मात्र नक्की येईल.” आपल्याच कार्यालयाच्या जाहिरातीविरुद्ध बोलणारा सल्लागार मला तरी प्रथमच भेटला.

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितले, त्यासाठीच मुख्यतः हा अभिप्राय लिहीत आहे. राष्ट्रीय मदत सोसायटी ही सात माणसांनी अर्ज करून निर्माण होणारी संस्था नव्हे. तिला देशाच्या विधिमंडळाचा स्वतंत्र कायदा किंवा शासनाची तितकीच स्पष्ट मान्यता लागते. आपल्याकडे ती जागा इंडियन रेड क्रॉस सोसायटीची आहे आणि तिचा जन्म १९२० च्या पंधराव्या अधिनियमातून झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य सर क्लॉड हिल यांनी ३ मार्च १९२० रोजी तत्कालीन केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले, त्याच महिन्याच्या २० तारखेला गव्हर्नर जनरलची संमती मिळून त्याचा कायदा झाला आणि ७ जून रोजी पन्नास सदस्यांची रीतसर नियुक्ती होऊन सोसायटी उभी राहिली.

एवढी तारीखवार माहिती कोणत्याही पुस्तकात मिळेल. सल्लागारांनी मात्र त्या कायद्याची उद्देशिका आमच्यासमोर ठेवली आणि सगळे चित्र बदलले. पहिल्या महायुद्धाच्या काळात सेंट जॉनचा ऑर्डर (रुग्णसेवा करणारी ब्रिटिश संघटना) व ब्रिटिश रेड क्रॉस यांच्या संयुक्त समितीच्या भारतीय शाखेकडे आजारी व जखमी सैनिकांसाठी लोकांनी दिलेला पैसा व वस्तू जमा झाल्या होत्या. युद्ध संपले, निधी उरला. त्या निधीचा पुढचा कारभार कोणी पाहायचा, तो कोणत्या कामांवर खर्च करायचा आणि त्याचा मालक कोण, हे ठरवण्यासाठी तो कायदा प्रामुख्याने करण्यात आला. म्हणूनच युद्धातील जखमींच्या सेवेबरोबर क्षयरोग्यांची शुश्रूषा, बालकल्याण आणि परिचर्या ही शांतताकाळातील कामेही त्याच्या परिशिष्टात आली. संयुक्त बचत खात्यातील आमची शिल्लक आणि संयुक्त समितीची ती शिल्लक यांच्या रकमांत जमीन-अस्मानाचे अंतर असेल, पण प्रश्न तोच होता. आणि तो ओळखल्यावर आमचा नावाचा हट्ट आपोआप गळाला.

देशाने कायदा केला की आंतरराष्ट्रीय मान्यता मिळते, असेही नाही. रेड क्रॉस चळवळीच्या नियमांनुसार राष्ट्रीय सोसायटी ही स्वतंत्र राष्ट्रात असावी लागते, त्या राष्ट्रात युद्धातील जखमींना संरक्षण देणारा जिनिव्हा करार लागू असावा लागतो, एका देशात अशी एकच सोसायटी चालते, आणि ती शासनाची साहाय्यक असूनही निर्णयांत स्वायत्त असावी लागते. यातील शेवटची अट सर्वांत अवघड, कारण शासनाच्या हाताखाली राहून शासनापासून अंतर राखणे हे आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून कोणाला सहज जमलेले नाही. मागेन डेव्हिड अदोम या इस्रायलच्या आपत्कालीन वैद्यकीय मदत संस्थेचे उदाहरण बोलके आहे. ती संस्था १९३० पासून काम करीत होती, १९५० मध्ये तिच्यासाठी कायदाही झाला, पण तिच्या लाल षट्कोनी ताऱ्याला मान्यताप्राप्त चिन्हांत स्थान नसल्यामुळे चळवळीत प्रवेश मिळण्यास २००६ साल उजाडले, आणि तोही आदल्या वर्षी लाल स्फटिकाचे नवे चिन्ह स्वीकारले गेल्यानंतर.

मग आमच्यासारख्यांनी काय करावे? सल्लागारांचे उत्तर नेमके होते: १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सदस्यांची संस्था स्थापन करा, त्यापाठोपाठ १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली तीन महिन्यांच्या आत नोंदणीचा अर्ज द्या आणि कार्यक्षेत्र सांगली जिल्हा एवढेच लिहा. राष्ट्रीय सोसायटीशी नाते हवे असेल, तर रेड क्रॉसचे सभासद व्हा आणि पुराच्या काळात जिल्हा प्रशासनाच्या मदतीने तिच्या शाखेबरोबर काम करा. त्यासाठी दुसरे ‘राष्ट्रीय’ दुकान थाटण्याचे कारण नाही.

मसुद्याचे काम खरोखर उत्तम झाले. बाजारात मिळणारी तयार नियमावली त्यांनी बाजूला ठेवली आणि प्रत्येक कलम मोठ्याने वाचून आमच्याकडून अर्थ वदवून घेतला. खात्यावर कोणत्या तिघांपैकी कोणा दोघांच्या सह्या चालतील, पूर ओसरल्यावर उरलेला निधी किती काळात आणि कशावर खर्चता येईल, एखाद्या पदाधिकाऱ्याच्या नातेवाइकाच्या दुकानातून खरेदी करायची झाल्यास काय करावे, या बाबी त्यांनी स्वतंत्र कलमांत बसवल्या. विसर्जनाच्या कलमावर तर बराच वेळ गेला. संस्था बंद करायची तर किमान तीनपंचमांश सदस्यांची संमती लागते आणि कर्ज भागवून उरलेली मालमत्ता सदस्यांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते, हे १८६० च्या कायद्यातच आहे. तरीही ते नियमावलीत सोप्या मराठीत लिहिण्याचा त्यांचा आग्रह होता. आमच्या खजिनदारांना संस्था जन्मण्याआधीच तिच्या अंत्यविधीची चर्चा अशुभ वाटली, पण शेवटी त्यांनीच त्या कलमावर सूचक म्हणून सही केली.

आता तक्रारी. ज्येष्ठ सल्लागार जितके दक्ष, तितकेच त्यांच्या हाताखालचे सहायक निष्काळजी. कार्यालयाच्या जागेसाठी घरमालकाचे ना हरकत पत्र घेतले, पण त्यासोबत वीजबिल जोडायचे राहिले आणि प्रकरण त्रुटीत निघाले. त्रुटीचा कागद आमच्यापर्यंत पोहोचवायलाही विलंब झाला. दुपारनंतर दूरध्वनी उचलला जात नाही, आणि निरोप ठेवला तर तो वहीत लिहिलेला दिसतो पण वाचलेला दिसत नाही.

अधिक गंभीर बाब लेटरहेडची. पॅकेजमधील नमुन्यावर डाव्या कोपऱ्यात पांढऱ्या चौकोनात लाल क्रॉस छापला होता. १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमानुसार केंद्र शासनाच्या मान्यतेशिवाय हे चिन्ह कोणालाही वापरता येत नाही. दंड पाचशे रुपयांपर्यंतचा म्हणजे आजच्या काळात हास्यास्पद आहे, पण चिन्ह लावलेला मालही जप्त होऊ शकतो. मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीतून चालत गेल्यास हे चिन्ह पाट्यांवर आणि रुग्णवाहिकांवर सर्रास दिसते, त्यामुळे सहायकास त्यात काही वावगे वाटले नसावे. मात्र युद्धभूमीवर ज्या चिन्हाकडे पाहून बंदूक खाली झुकावी अशी अपेक्षा आहे, ते चिन्ह कायदा शिकवणाऱ्या कार्यालयानेच शोभेसाठी वाटावे, हे क्षम्य नाही. निदर्शनास आणल्यावर नमुना बदलून मिळाला. इतर ग्राहकांना दिलेल्या नमुन्यांचे काय केले, याचे उत्तर मिळाले नाही.

शुल्काबाबत व्यवहार स्वच्छ होता. शासकीय फी आणि कार्यालयाचा मेहनताना वेगवेगळा लिहून दिला गेला, ‘वरखर्च’ या नावाखाली काही मागितले गेले नाही आणि पावती न मागता मिळाली. प्राप्तिकराच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) व ८०जी नोंदणीचे अर्जही वेळेत गेले. परदेशी निधीचे कलम मात्र पॅकेजमधून काढून टाकून तेवढे शुल्क कमी करून घ्यावे. नव्या संस्थेला त्याचा उपयोग नाही: २०१० च्या परदेशी अभिदाय कायद्याखालील नियमित नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते, त्या काळात तिने मूळ कामांवर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात, आणि निधी स्वीकारण्याचे खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच उघडावे लागते. हे सर्व ठाऊक असूनही सांगलीतील नवख्या मंडळींना ते विकणे म्हणजे भोळेपणाचे पैसे घेणे होय.

प्रमाणपत्र आता हाती आहे, विश्वस्त व्यवस्थेच्या नोंदवहीचा उताराही मिळाला आहे आणि संयुक्त खात्यातील शिल्लक व्याजासह संस्थेच्या खात्यात वर्ग झाली आहे. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत द्यावा लागणारा चेंज रिपोर्ट आम्ही याच कार्यालयाकडून करून घेणार आहोत, तो ज्येष्ठ सल्लागार स्वतः पाहतील या अटीवर. लेटरहेड मात्र गावभागातल्या छापखान्यातून छापून घेतले.