त्वचेच्या ब्लॉकवर काय लावायचं: एसएमए, डेस्मिन की एच-कॅल्डेस्मॉन?

ठाणे-नवी मुंबईतल्या मध्यम लॅबमध्ये त्वचेच्या बायोप्सीच्या ब्लॉकसाठी (मेणात बसवलेल्या तुकड्यासाठी) स्मूथ मसल, म्हणजे अनैच्छिक स्नायू, रंगवून दाखवणारी एकच अँटीबॉडी घ्यायची ठरली, की बहुतेकदा एसएमए (स्मूथ मसल ॲक्टिन) मागवली जाते. ती घ्यावीच, पण एकटी घेऊ नये.

एसएमए हे साधारण 42 किलोडाल्टनचं ॲक्टिन, म्हणजे आकुंचनाचं प्रथिन. त्याच्या अँटीबॉडीचा 1ए4 हा क्लोन (वाण) निरोगी त्वचेत बरंच काही रंगवतो: केस उभे करणारा अरेक्टर पिली स्नायू, रक्तवाहिन्यांच्या भिंती, पेरिसाइट (बारीक वाहिन्यांना बिलगलेल्या पेशी), घामग्रंथींच्या वेटोळ्यांभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या मायोएपिथेलियल पेशी, शिवाय केसाच्या मुळाभोवतीचं तंतुमय आवरण. जखम भरताना येणारे मायोफायब्रोब्लास्टही (स्नायूसारख्या तंतुपेशी) रंगतात. त्यामुळे नुसत्या पॉझिटिव्ह एसएमएवरून 'स्नायू' म्हणणं घाईचं ठरतं. जमेची बाजू अशी की कंट्रोल, म्हणजे रंग नीट लागला हे सांगणारी हमखास रंगणारी ऊती, स्लाइडवरच मिळतो. वाहिन्यांच्या भिंती रंगल्या नसतील, तर निगेटिव्ह रिपोर्ट देऊच नये.

डेस्मिन, स्नायूपेशीतलं सुमारे 53 किलोडाल्टनचं प्रथिन, त्या मानाने चोखंदळ. अरेक्टर पिलीचा जुडगा ठळक तपकिरी दिसतो आणि त्याच फील्डमधल्या घामग्रंथी कोऱ्या राहतात. छोट्या वाहिन्याही बऱ्याचदा कोऱ्याच. म्हणून सेक्शनमध्ये अरेक्टर पिली आलाच नसेल, तर आतला कंट्रोल नाही असं समजावं आणि अपेंडिक्सचा तुकडा त्याच स्लाइडवर घ्यावा. चेहऱ्याच्या खोल बायोप्सीत ऐच्छिक स्नायूही रंगतो, तिथे आडवे पट्टे पाहावेत.

एच-कॅल्डेस्मॉन (स्मूथ मसलमधलं आणखी एक प्रथिन) अरेक्टर पिली आणि वाहिन्यांच्या भिंती दाखवतो, मायोफायब्रोब्लास्ट मात्र सहसा सोडून देतो. व्रण की स्नायू, हा प्रश्न वारंवार येत असेल तर तिसरी खरेदी हीच. कॅल्पोनिन (असंच आणखी एक प्रथिन) निव्वळ या कामासाठी नको. एसएमएसारखंच तेही मायोएपिथेलियल पेशी आणि मायोफायब्रोब्लास्ट धरतं.

अँटीबॉडी कितीही चांगली असली तरी नमुना बिघडला की सगळं वाया. घोडबंदर रोडच्या क्लिनिकमधून वाशीला मे महिन्यात सलाइनच्या गॉजमध्ये पाठवलेला 4 मिमीचा पंच (गोल पात्याने काढलेला त्वचेचा तुकडा) कडेने सुकतो आणि कडा खोट्या रंगतात. तो लगेच 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये टाकावा, आकारमानाच्या किमान दहापट, आणि रात्रभर राहू द्यावा. सेक्शन (पातळ काप) 3 ते 4 मायक्रॉनचे, चार्ज्ड (ऊती घट्ट धरणाऱ्या) स्लाइडवर, 60 अंशांवर तासभर. डेस्मिनला पीएच 9 च्या बफरमध्ये हीट रिट्रीव्हल, म्हणजे फॉर्मालिनने झाकलेलं प्रथिन उष्णतेने पुन्हा उघडणं, लागतं. द्रावण खळखळून उकळलं तर केराटिन आणि चरबीमुळे त्वचेचा सेक्शन हमखास सुटतो.

आपल्याकडच्या त्वचेत मेलॅनिन भरपूर, आणि अँटीबॉडी दिसावी म्हणून नेहमी वापरतात त्या डीएबी या रंगद्रव्याचा रंगही तपकिरीच. बेसल थराजवळ किंवा मेलॅनोफेजच्या (मेलॅनिन गिळलेल्या पेशींच्या) गर्दीत शंका आली तर लाल क्रोमोजेन (रंग देणारं द्रव्य) वापरावं. ते एईसी या प्रकारचं असेल तर अल्कोहोल, झायलीन टाळून पाण्यावर आधारित माउंट घ्यावं, नाहीतर रंग विरघळतो.

त्वचेच्या केसेस मोजक्याच असतील तर एसएमए आणि डेस्मिन दोन्ही रेडी-टू-यूज (आधीच पातळ करून आलेल्या) घ्याव्यात. कॉन्सन्ट्रेट स्वस्त पडतं ते केसेस रोज असतील तरच, कारण प्रत्येक नव्या लॉटला अपेंडिक्सवर टायट्रेशन, म्हणजे किती पातळ करायचं याची चाचणी, करावंच लागतं.