शालेय पोषण आहार: पंगत चांगली, पाठ अपुरा

परभणी जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत माझी पुतणी चौथीत शिकते. ताटे वाढण्यापूर्वी मोठ्यांपैकी कोणीतरी आहाराची चव घ्यावी असा नियम असल्याने गेल्या महिन्यात पालकांच्या वतीने तीन दिवस ते काम माझ्याकडे आले.

पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी मिळून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे या योजनेचे प्रमाण आहे. पहिल्या दिवशीचा मटकीभात मऊ शिजलेला आणि बेताच्या तिखटाचा होता. दुसऱ्या दिवशीच्या वरणात स्वयंपाकाच्या मावशींनी शाळेच्या परसबागेतील शेवग्याचा पाला घातला होता आणि ते वरण मी निःसंकोच दोनदा घेतले. तिसऱ्या दिवशी मात्र भाजीच्या नावाखाली केवळ बटाटा होता, ही सरळ पळवाट झाली. तरीही तुलना करताना मला माझे बालपण आठवते. ही योजना १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्हाला महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ पिशवीत मिळे, आणि तो साऱ्या घराच्या चुलीवर शिजत असल्याने शाळकरी मुलाच्या वाट्याला किती आला हे कोणी मोजत नसे. आता अन्न शिजून थेट मुलाच्या ताटात पडते, हा फरक फार मोठा आहे.

कच्चा दुवा आहे तो शिकवण्याचा. ‘गाजरात अ जीवनसत्त्व, दुधात कॅल्शियम’ हे चौथीच्या मुलांनी एका सुरात म्हणून दाखवले, परंतु त्याच मुलांनी शेवग्याचा पाला वेचून ताटाच्या कडेला लावला होता. भाकरीत काय असते, असे विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, “भाकरीत काय राहतंय काका, ती तर रोजचीच.” ज्या मुलखात ज्वारी पिकते तिथल्या मुलाला, शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात आणि पांढऱ्या तांदळापेक्षा तिच्यात लोह व तंतू अधिक असतात, हे कोणी सांगितलेले नाही. सकाळी चहात टोस्ट बुडवून आलेली मुले वर्गात बरीच होती. जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे अन्नातील लोह अंगी कमी लागते आणि लिंबाने अधिक लागते, हे सांगायला फळाही लागत नाही, ताट समोर असले की पुरे.

मधल्या सुटीत फाटकाबाहेरच्या टपरीवर पाच रुपयांची पाकिटे घेण्यासाठी रांग लागते, आणि त्याविषयी शाळेत चकार शब्द निघत नाही. शेवग्याच्या वरणाच्या दिवशी मी घरून लिंबे नेली व वरणावर पिळायला दिली. पुतणीच्या ओळीतील दोघांनी त्या दिवशी पाला कडेला लावला नाही.