पैसे ३०० मीटर ब्रेडेड लाइनचे, स्पुलावर १३० मीटर

मासे गरवण्याची ब्रेडेड (विणलेली) लाइन दुकानातच रिळावर भरून घेताना होणारी एक फसवणूक रीळ तळापर्यंत उलगडल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि किनाऱ्यावर हौसेने गरवणारे, म्हणजे गळाने मासे पकडणारे, बहुतेक जण लाइन बदलायची वेळ येईपर्यंत रीळ तळापर्यंत उलगडत नाहीत. कोकण किनाऱ्यावरील एका शहरातील दुकानात माझी अशी फसवणूक झाली. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण तक्रार अजून निकाली निघालेली नाही. परंतु ही पद्धत कशी चालते, हे गरवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

मी घेतलेले रीळ ५००० आकाराचे होते. पीई २ जाडीची, आठ पदरी, दर १० मीटरवर रंग बदलणारी लाइन ३०० मीटर हवी, असे मी सांगितले. दुकानदाराने मोठ्या स्पुलावरून (लाइन गुंडाळायच्या चक्रीवरून) ती काढून भरून देण्याचे मान्य केले, भरण्याचे वेगळे पैसे घेणार नाही असेही सांगितले, आणि रीळ आतल्या खोलीतील यंत्राकडे नेले. थोड्या वेळाने काठोकाठ भरलेले रीळ हातात आले आणि ३०० मीटरचा दर मी चुकता केला. बिलावर मात्र ‘फिशिंग लाइन, १ नग’ एवढेच लिहिलेले होते.

ही फसवणूक एका रास्त गोष्टीच्या आड लपते, हे आधी सांगितले पाहिजे. ब्रेडेड लाइन पॉलिएथिलीनच्या अत्यंत गुळगुळीत तंतूंची विणलेली असते; ती धातूच्या स्पुलावर थेट बांधली, तर ओढ लागताच सगळी गुंडाळी स्पुलाभोवती घसरून फिरू लागते आणि ड्रॅग (रिळाचा ब्रेक) कितीही आवळला तरी उपयोग होत नाही. म्हणून तळाशी तंगुसाचे (नायलॉनच्या एकपदरी दोऱ्याचे) काही वेढे, म्हणजे बॅकिंग, द्यावे लागतात, किंवा चिकटपट्टी लावावी लागते. तंगूस स्पुलाला घट्ट धरतो, त्यामुळे अनुभवी माणूसही त्याला हरकत घेत नाही. हरकतीचा मुद्दा फक्त किती तंगूस, हा आहे. पकड मिळण्यासाठी १० ते १५ मीटर पुरतो. माझ्या रिळाचा अर्ध्याहून अधिक भाग जाड तंगुसाने भरलेला होता आणि त्यावर ब्रेडेड लाइनचा केवळ वरचा थर होता.

हे उघडकीला आले ते खाडीच्या मुखाशी, ओहोटीच्या वेळी, एका मोठ्या जिताड्याने गळ घेतल्यावर. मासा प्रवाहाबरोबर बाहेर धावला आणि ३०० मीटरच्या हिशेबाने भरपूर लाइन शिल्लक असायला हवी असताना तंगुसाची गाठ रॉडच्या कडीत येऊन अडकली. ती गाठ कडीतून सहज सरकणारी बारीक गाठ नव्हती, नुसता गोळा होता. लाइन तिथेच तुटली. मासा गेल्याचे दुःख मला आहेच, पण त्याहून अधिक टोचते ते हे, की तो तोंडात गळ आणि मागे शंभराहून अधिक मीटर लाइन घेऊन गेला. पॉलिएथिलीन पाण्यात कुजत नाही. ते पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगत राहते आणि त्यात पक्षी व कासवे अडकतात. ग्राहकाला कमी माप देणाऱ्याने या नुकसानीचा विचार कधी केला असेल, असे वाटत नाही.

तोच दुकानदार माझ्या एका मित्राचेही रीळ अशाच लाइनने भरून देत असे. आम्ही त्याचे रीळ उलगडले, रंग मोजले, तर १३ रंगांनंतर तंगूस लागला. मग ती १३० मीटर लाइन सोनाराच्या काट्यावर तोलली. हा हिशेब सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे: जपानी मानकानुसार पीई २ म्हणजे ४०० डेनियर, आणि डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. म्हणजे ३०० मीटर लाइन सुमारे १३ ग्रॅम भरली पाहिजे, लेपामुळे थोडी अधिकच. आमची सहा ग्रॅमच्या आत भरली. सुईने टोक उसवले तेव्हा आठऐवजी चारच पदर निघाले.

दुकानदाराला हे दाखवल्यावर तो म्हणाला, “दादा, खाली बॅकिंग तर द्यावंच लागतं, सगळेच देतात.” यावर माझे उत्तर स्पुलावरच छापलेले होते. त्या स्पुलावर पीई २ लाइन ३०० मीटर मावते, असा आकडा आहे. निम्मी जागा तंगुसाने व्यापली असताना वर ३०० मीटर ब्रेडेड लाइन राहूच शकत नाही. तो गप्प झाला आणि बिलाकडे बोट दाखवले. त्यावर ना लांबी होती, ना पदर, ना जाडी.

म्हणून कंपनीचे बंद खोके घ्यावे. वैध मापनाच्या नियमांनुसार त्यावर आयातदाराचे नाव, निव्वळ लांबी व कमाल किंमत छापलेली असणे बंधनकारक आहे. ते आपल्यासमोर फोडून भरून घ्यावे आणि रिकामे स्पूल मागून घ्यावे. सुटी लाइन घ्यायचीच असेल, तर भरण्यापूर्वी आणि नंतर स्पूल तोलावे, तंगूस भरून झाल्यावर एकदा थांबायला सांगावे, आणि बिलावर मीटर, पदर व जाडी लिहून घ्यावी. भरताना लाइन ओल्या फडक्यातून ताणून जाते की नाही, तेही पाहावे; सैल भरलेली लाइन ओढ लागताच खालच्या थरांत रुतते. भरलेल्या स्पुलावर अंगठा दाबला आणि खळगा पडला, तर ती परत भरायला लावावी.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि सोबत वजनाची व उसवलेल्या टोकाची छायाचित्रे दिली. त्यानंतर दुकानदाराने फोन करून नवी लाइन फुकट भरून देण्याची तयारी दाखवली. मी मात्र १७० मीटरचे पैसे आणि आठ व चार पदरी लाइनच्या दरातील फरक, दोन्ही लेखी पावतीसह परत मागितले आहेत.