आजीचं इरकल की स्मिता पाटीलची सुती साडी?

माझ्या साडी नेसण्यावर दोघींची छाप आहे. आजी म्हणजे इरकल साडी. साडीच्या अंगाचे ताणे, म्हणजे उभे धागे, आणि पदराचे रेशमी ताणे मागावर फासाने एकमेकांत अडकवतात, म्हणून तो लाल-पांढरा पदर, म्हणजे टोपपदर, असा उठून दिसतो. काठही भरदार, त्यामुळे साधं खणाचं पोलकं पुरतं. दागिन्यांची गरजच नाही.

स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या. त्यांच्याकडून मी हातमागाची साधी साडी आणि ठसठशीत कुंकू घेतलं. ऑफिसला हेच बरं, लोकलच्या गर्दीतही वावरता येतं. फक्त खळ नीट हवी, नाहीतर दुपारपर्यंत निऱ्या विस्कटतात.

लग्नकार्याला मात्र मी डोळे मिटून इरकलच काढते.