वाळ्याचं पाणी: जुडी माठात सोडावी की बरणीत भिजवावी?

पाण्याला वाळ्याचा, म्हणजे खस गवताच्या सुगंधी मुळांचा, वास हवा हे एकदा ठरलं की प्रश्न उरतो पद्धतीचा. जुडी थेट माठात सोडता येते. नाहीतर काचेच्या बरणीत वाळ्याचं दाट पाणी करून ठेवायचं आणि पिताना ते साध्या पाण्यात घालायचं. मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत आणि दोन्हींनी प्यायला चांगलं पाणी मिळतं. फरक आहे तो दोन-तीन आठवड्यांनी हाताशी काय उरतं यात.

वाळा उकळूनही घेतात, पण रोजच्या पाण्यासाठी तो मार्ग मला पटत नाही. उकळला की मातकट, लाकडासारखा भाग वर येतो, वरचा गोडसर वास वाफेबरोबर निघून जातो आणि पाणी काढ्याच्या अंगाने जातं. षडंगपानीय या आयुर्वेदिक काढ्यात नागरमोथा, चंदन, सुंठ यांच्याबरोबर वाळाही उकळतात, पण तिथे हेतू औषधाचा असतो. तहानेसाठी गार पाण्यात भिजवलेला वाळाच बरा. आयुर्वेदात याच कृतीला हिम म्हणतात: एक भाग द्रव्य, सहा भाग गार पाणी, रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं. रोजच्या पिण्याला इतकं दाट लागत नाही, पण तत्त्व तेच.

पद्धत कोणतीही घ्या, वाळा चांगला हवा. काष्ठौषधींच्या दुकानात मागितला तर बहुधा जुडी मिळते. ओल्या हाताने चोळून बघा. चोळल्याबरोबर वास आला पाहिजे, आणि हात धुतल्यावरही बोटांवर थोडा राहिला पाहिजे. नुसती गवतासारखी, वासाला मुकी मुळं असतील तर ती जुनी तरी असतात, नाहीतर तेल काढून घेतलेली तरी. कूलरसाठी किंवा पडद्यांसाठी विकतात तो वाळा पिण्याच्या पाण्यात घालू नये, तो त्या हिशेबाने साफ केलेला नसतो. आणि पाणी हिरवं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. बाटलीतल्या खस सरबताचा हिरवा रंग वरून घातलेला असतो. खऱ्या वाळ्याचं पाणी फिकट पिवळसर, फार तर पातळ चहाच्या रंगाचं होतं.

धुण्यात घाई नको. जुडीचा दोरा सोडा, कारण माती दोऱ्याखालीच लपलेली असते. मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, हाताने मोकळी करा, पाणी बदला. तळाला गाळ दिसेनासा होईपर्यंत हे करायचं, साधारण चार-पाच पाणी लागतात. शेवटी चाळणीत घेऊन वरून उकळतं पाणी ओता आणि लगेच निथळा. वास जवळजवळ कमी होत नाही आणि मुळांवरचे जंतू बरेच कमी होतात.

आता माठ. दहा लिटरच्या माठाला 25-30 ग्रॅम वाळा पुरतो. धुतलेली मुळं मलमलच्या पोटलीत सैल बांधून सोडायची. घट्ट बांधली तर आतल्या मुळांपर्यंत पाणी नीट फिरत नाही. सहा-सात तासांत वास उतरतो. गार मातीचा वास आणि वाळ्याचा वास एकत्र आला की जे होतं ते फ्रीजमधल्या पाण्याला कधीच येत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. शिवाय काम कमी: एकदा टाकली की घरातला प्रत्येकजण ओतून घेतो, कुणाला काही मिसळावं लागत नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास नवा माठ आणून त्यात वाळा घालायची घरोघरची सवय याच सोयीमुळे टिकली असावी.

अडतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी. पोटली उचलून मुळं चिमटीत धरली तर ती बुळबुळीत लागतात, दोन बोटांत सरकतात. वास तोवर चांगलाच असतो, त्यामुळे नाकाला काही कळत नाही. मुळं मातीत वाढलेली असतात, कितीही धुतली तरी थोडे जंतू उरतात. भिजल्यावर मुळांतून जे काही पाण्यात उतरतं त्यावर ते वाढतात, आणि माठातलं पाणी गार लागलं तरी फ्रीजइतकं थंड नसतं, त्यामुळे वाढ थांबत नाही. त्यात आपण माठ रिकामा करत नाही, अर्धा झाला की वरून भरतो. म्हणजे जुनं पाणी कायम नव्यात मिसळत राहतं.

जुडी बदलता येते, माठ बदलता येत नाही, आणि माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. तो बुळबुळीतपणा मुळांपुरता राहत नाही, माठाच्या आतल्या बाजूलाही धरतो. स्टीलचं भांडं असतं तर साबण लावून घासलं असतं. माठाला साबण लावता येत नाही, मातीची छिद्रं तो पिऊन घेतात आणि पुढे कित्येक दिवस पाण्याला साबणाची चव येते. मग काथ्याने आणि जाड मिठाने घासायचं, गरम पाणी फिरवायचं, उन्हात पालथा घालायचा. एवढं करूनही छिद्रांत शिरलेला बारीक गाळ पूर्ण निघत नाही. छिद्रं बुजली की माठ पाझरत नाही, पाझरला नाही तर बाहेरून बाष्पीभवन होत नाही, आणि मग पाणी गार होत नाही. बाहेरून हात लावून बघा: चांगल्या माठाचा पृष्ठभाग ओलसर, गार लागतो. बुजलेला कोरडा लागतो. वाळा घातलेला माठ हंगाम संपण्याआधीच कोरडा पडू लागतो असा माझा अनुभव आहे. पाण्याच्या क्षारांनीही छिद्रं बुजतात, त्यामुळे सगळा दोष वाळ्याचा म्हणणार नाही, पण त्याचा वाटा मोठा वाटतो.

बरणीची कृती अशी. एक लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, 20 ग्रॅम धुतलेला वाळा, कात्रीने दोन-दोन इंचांचे तुकडे करून. अख्खी मुळं बरणीत वर तरंगतात आणि पाण्याबाहेर राहिलेल्या भागावर बुरशी धरते. तुकडे पाण्याखाली राहतात, हवं तर वरून एक लहान स्टीलची वाटी दाबून ठेवा. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं घ्या. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असला तर वाळा त्याखाली दबतो. झाकण लावून बरणी फ्रीजमध्ये ठेवायची, रात्री ठेवली तर सकाळी दहा-बारा तासांनी तयार. ओल्या सुती फडक्यातून दोनदा गाळा. एकदा गाळून भागत नाही, बारीक तंतू घशाला लागतात. पिताना एक भाग हे पाणी आणि चार-पाच भाग माठातलं साधं पाणी.

त्याच मुळांवर दुसऱ्यांदा पाणी घालता येतं. वाळ्याचं तेल जड असतं, पाण्यात फार सावकाश उतरतं, म्हणून दुसऱ्या पाण्यालाही पुरेसा वास येतो. फक्त पाणी अर्धा लिटर घ्या आणि वेळ थोडा वाढवा. तिसऱ्यांदा भिजवू नका, तेव्हा वास कमी आणि मातकटपणा जास्त. गाळलेलं पाणी फ्रीजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. त्यानंतर ते झाडांना घाला.

बरणीची आणखी एक गोष्ट मला माठापेक्षा सरस वाटते, ती म्हणजे चव हातात राहते. माठात पहिल्या दिवशी वास दाट, तिसऱ्या दिवशी बेताचा, वरून पाणी भरलं की आणखी पातळ. घरात एकाला वाळा आवडतो आणि दुसऱ्याला मुळीच नको असतो, तेव्हा तर बरणीला पर्याय नाही. माठ साधाच राहतो, ज्याला हवं तो आपल्या पेल्यात घालून घेतो. मातीचा आणि वाळ्याचा तो जोडवासही मिळतो, कारण मिसळायला पाणी माठाचंच घेतो.

तरीही माठवाल्यांना चूक म्हणणार नाही. घर मोठं असेल, माठ रोज रात्री रिकामा होत असेल, सकाळी घासून भरला जात असेल, तर जुडी माठात सोडायला हरकत नाही. मग दोन जुड्या ठेवा: एक पाण्यात, एक उन्हात. रोज अदलाबदल करा, आणि वाळवताना दोरा सोडून पसरवा, नाहीतर मध्यभाग दिवसभर ओलाच राहतो. वर्षभर वापरायच्या माठात मात्र घालू नका, वाळ्यासाठी वेगळा लहान माठ ठेवा. दोन-तीन माणसांच्या घरात, जिथे माठ दोन दिवस पुरतो, तिथे बरणीच घ्या असं सांगेन. परदेशात सुका वाळा नेऊन पाणी करणाऱ्यांना तर माठाचा प्रश्नच नाही.

हेच पानांबद्दल विचाराल तर माठ सरळ बाद. पुदिना, तुळस तासाभरात वास देतात आणि सहा-सात तासांत काळी पडू लागतात. चुरगळली तर अजून लवकर. ती तांब्याभर पाण्यात घालावी, दोन-तीन तासांनी काढून टाकावी. त्यात लिंबू पिळणार असाल तर तांब्याचं भांडं नको, काच किंवा स्टील घ्या. गवती चहा गार पाण्यात फारसा उतरत नाही, त्यावर गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाकावं आणि मग गार करावं. धणे भरड करून रात्रभर भिजवले तर वाळ्याच्या बरणीसारखेच वागतात, एक लिटरला दोन मोठे चमचे, आणि गाळणं इथेही दोनदा.

आणि माठाला खाली तोटी असेल तर जुडी पोटलीशिवाय आत सोडू नका. सुटलेले तंतू तोटीच्या आतल्या बाजूला अडकतात, धार बारीक होते. तोटी काढून साफ करायला गेलं की बसवतानाच्या जोराने मातीला बारीक चीर जाते, आणि तिथून गळायला लागलेला माठ पुन्हा धरत नाही.