डिनिट्रॉलचं मेण: किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीला कितपत वाचवतं?

हर्णै असो की वेंगुर्ला, जुनी मारुती 800 किंवा ओम्नी रॅम्पवर चढवली की सडलेल्या जागा ठरलेल्याच निघतात. दरवाजांच्या खालच्या कडा, रनिंग बोर्ड, मागच्या चाकांवरच्या कमानीची शिवण, बॅटरीखालचा ट्रे, रबरी मॅटखालचा फ्लोअर. बोलेरोला चासीच्या पोकळ पट्ट्या. यातला बराचसा पत्रा आतून सडत बाहेर येतो. रंगाला फोड दिसतो तेव्हा आतलं काम झालेलं असतं. म्हणून गंजरोधक निवडताना एकच गोष्ट आधी बघावी: ते बंद पोकळीत आणि दोन पत्र्यांच्या जोडात शिरतं का. डिनिट्रॉल या कसोटीला उतरतं, आणि काम नीट केलं तर पैसे वसूल होतात.

मूळ स्वीडनच्या या ब्रँडची तीन मेणं जुन्या गाडीला लागतात. एमएल हे पातळ, तपकिरी, झिरपणारं. 3125 पोकळ्यांसाठी. 4941 काळं आणि जाड, गाडीच्या पोटाला. तिघांत एमएलचं काम सगळ्यात मोलाचं. स्पॉट वेल्डिंगच्या जोडावर एका बाजूने मारा आणि थोडा वेळ थांबा; पलीकडच्या कडेवर बारीक तपकिरी रेघ उमटते. हलक्या, पृष्ठभागावरच्या गंजातही ते असंच मुरतं. त्यावर 3125 चा थर बसतो. तो कडक होत नाही, त्यामुळे पत्रा तापला-निवला, गाडी हादरली तरी तडकत नाही.

आपल्याकडे या मऊपणाला इतकी किंमत का, ते मिठावरून कळतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला 33 टक्के पुरतात. म्हणजे जून ते सप्टेंबर पत्र्यावर बसलेलं मीठ सुकतच नाही. त्यात जांभ्याची लाल माती मडगार्डच्या कोपऱ्यात ओली धरून बसते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीने नेहमी जाणाऱ्यांच्या गाडीला तर भरतीच्या वेळी रॅम्पवर खालून थेट खारं पाणी लागतं.

वॉशिंग सेंटरवर मिळणारं रबरासारखं काळं कोटिंग नव्या, कोऱ्या पत्र्यावर ठीक आहे. खडी उडते ती ते छान झेलतं. जुन्या गाडीवर मात्र ते घातक ठरतं. कडेला एखादी चीर गेली की खारं पाणी मागे शिरतं, तिथेच अडकतं आणि वरून सगळं तुकतुकीत दिसत राहतं. असं कोटिंग आधीच असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. पोकळ, बद्द आवाज आला तर तेवढा भाग खरवडून काढल्याशिवाय मेण मारू नका. जळकं ऑइल फासण्याची पद्धतही सोडून द्यावी. त्यात इंजिनमधली आम्लं आणि काजळी असते, सस्पेन्शनचे रबर बुश त्याने फुगतात, पहिल्या पावसात ते धुऊन जातं आणि अंगणातल्या विहिरीपर्यंत झिरपतं.

काम एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये करा. पत्रा तेव्हाच आतपर्यंत कोरडा होतो. भर पावसात मेण मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. गाडी खालून धुताना पाणी चाखून बघा: खाडीकाठच्या विहिरी नेमक्या याच दिवसांत मचूळ होतात, आणि त्या पाण्याने धुणं म्हणजे पुन्हा मीठ लावणं. दरवाजे आणि रनिंग बोर्डच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. मग दोन-तीन दिवस कडक उन्हात, दरवाजे आणि डिकी उघडी ठेवून गाडी वाळवा.

वेल्डिंग आणि रंगकाम आधी उरकून घ्या. मेणावर वेल्डिंग केलं तर पेट घेतं, आणि मेणाचा हात लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही. गंजाची सुटी पापडी तारेच्या ब्रशने काढा, उघडा पडलेला पत्रा एपॉक्सी प्रायमरने झाका, प्रायमर पूर्ण वाळू द्या. रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं आम्लाचं द्रावण) वापरायचा तर फक्त दिसणाऱ्या भागावर. पोकळीत ओतलेलं आम्ल धुऊन काढता येत नाही.

पोकळीसाठी लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारं नोझल हवंच. आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात फवारून बघा, कड्यासारखा गोल फवारा उमटला पाहिजे. नळी टोकापर्यंत घाला आणि फवारत सावकाश मागे ओढा. तळाच्या भोकांतून मेण ठिबकू लागलं की पोकळी भरली असं समजा. नंतर तीच भोकं पुन्हा तारेने मोकळी करा. मेणाने बुजली तर दरवाजात पाणी साचतं. एमएलनंतर एक दिवस जाऊ द्या, मग 3125 आणि 4941.

मारुती 800 च्या आकाराच्या गाडीला एमएल आणि 3125 मिळून साधारण दोन लिटर, 4941 दोन ते तीन लिटर धरा. बोलेरोच्या चासीला पोकळ्यांचं मेण याहून बरंच जास्त लागतं. तिथे स्प्रेचे डबे परवडत नाहीत. लिटरचे डबे घेऊन कॉम्प्रेसरवर गन लावा. सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ब्रेक डिस्क, रबर बुश आणि सीट बेल्टच्या रिळाची जागा मास्किंग टेपने किंवा प्लॅस्टिकने झाका. मेण वाळल्यावर ते झाकण आठवणीने काढा. सायलेन्सरवर राहिलेलं प्लॅस्टिक वितळतं.

उणिवा आहेत. गाडीत सॉल्व्हंटचा वास बरेच दिवस राहतो, तोवर काचा उघड्या ठेवा. मेच्या उन्हात 3125 खाली ओघळतं आणि पार्किंगच्या लादीवर तपकिरी डाग पडतात, पुठ्ठा अंथरा. चाकांच्या कमानीत 4941 खडीने आणि प्रेशर वॉशने झिजतं, तिथे दरवर्षी हात द्यावाच लागतो. गावच्या स्पेअर्सच्या दुकानात हा माल सहसा नसतो, मागवावा लागतो. नाही मिळाला तर लिक्वी मोलीचं पोकळ्यांचं मेण हा चांगला पर्याय आहे, मात्र नळी वेगळी घेताना ती त्या डब्याच्या तोंडाला बसते का ते बघा.

भोकं पडलेल्या पत्र्यावर यातलं काहीच चालत नाही. तिथे डेंटरकडून पत्रा बदलूनच घ्यावा लागतो. बाकी गाडीला ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबल्यावर, गोड्या पाण्याने खालून धुवा, वाळवा आणि कमानी, जॅक लावायच्या जागा, मागच्या एक्सलजवळचे कोपरे टॉर्चने बघा. जिथे मेण उडून राखाडी प्रायमर दिसतो तिथे ब्रशने 4941 लावा. या कामाला अर्धा लिटर पुरतं.